न ओढलेला पाला

मित्रांनो, मी एक जुने दंताळे आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. नाहीतर थोडे ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, हे दंताळे एवढी चुळबुळ का करते आहे! लांब लाकडी दांडा, त्याच्या टोकाला आडवी लोखंडी पट्टी आणि पट्टीला बारा दात, एवढाच माझा पसारा. अंगणातला वाळलेला पाला ओढून एका जागी गोळा करायचा, हे माझे काम. झाडावरून पान सुटले की ते जमिनीला टेकायच्या आत माझे दात शिवशिवायला लागतात. याला गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा, मी जन्मलोच तसा.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहाराचा हात चांगला होता, पण माणूस घाईचा. एक काम हातात असताना त्याचा डोळा दुसऱ्या कामावर असायचा. माझे अकरा दात त्याने नीट ठोकले आणि बारावा ठोकताना त्याला घरून जेवायची हाक आली. तो दात जरासा तिरका राहिला. "चालतंय," असे म्हणून तो हात धुवायला गेला. माझ्या अंगातली घाई तिथूनच आली असावी, असा माझा समज आहे.

तिथून मी एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. घमेली आणि फावडी यांच्यामागे मी भिंतीला टेकून उभा असायचो. गिऱ्हाईक आत आले की वाटायचे, आता मला उचलतील. ते खिळे घेऊन निघून जायचे. शेवटी एक दिवस एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि दोन्हींना अशी इस्त्री की चालताना कपड्यांचा आवाज यावा. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझा एकेक दात पुसला. रुमालाला गंज लागला नाही, हे उजेडात धरून पाहिले आणि मगच मला घरी नेले.

हे माझे मालक. त्यांची लाँड्री होती. रस्त्याच्या बाजूला दुकान, दुकानामागे दोन खोल्या आणि खोल्यांमागे अंगण. गल्लीतली मुले त्यांना कडककाका म्हणायची, तेव्हा आपणही काकाच म्हणू. काका घरात एकटेच राहायचे. शेजारच्या टेलरवहिनी म्हणायच्या, "यांनी लग्न केलं नाही ते घड्या मोडतील म्हणून." काका ते ऐकायचे आणि हसायचे, कारण टेलरवहिनींनी शिवलेले निम्मे कपडे इस्त्रीला त्यांच्याकडेच यायचे. धंद्यात असे चालवून घ्यावे लागते.

अंगणात एक मोठे झाड होते. त्याची पाने माझ्या पट्टीएवढी रुंद, आणि गळायची बाराही महिने, कधी कमी तर कधी ढीगभर. काकांना एक पान खपायचे नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी ते मला खिळ्यावरून काढायचे आणि भिंतीपासून दारापर्यंत अंगण ओढायचे. ओढून झाले की जमिनीवर माझ्या दातांच्या सरळ रेघा उमटायच्या. त्या रेघांवर पुन्हा पाऊल पडू नये म्हणून काका मागे मागे सरत दारात यायचे. टेलरवहिनी पाहुण्यांना कुंपणापाशी आणून दाखवायच्या, "बघा, अंगण आहे की आरसा!" मी खिळ्यावर लटकलेला असायचो आणि मनातल्या मनात फुगायचो. त्या आरशात गवताचे एक पातेही उगवत नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. मला वाटायचे, जमीन म्हणजे अशीच असायची.

अशी माझी कामाची वर्षे गेली. माझा दांडा काकांच्या हाताने गुळगुळीत झाला. आणि मग ताई आल्या.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आयुष्यभर त्या दूर जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी संपली. गुडघे दुखायला लागले होते. काकांनी फोनवर सांगितले, "इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे." ताई आल्या त्या एक बॅग आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. काकांनी बॅग उचलली आणि डब्याकडे बघून विचारले, "यात काय?"

"माती," ताई म्हणाल्या.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वच्छ पुसलेल्या घरात कुणी डबा भरून माती आणते का?

डब्यात माती होती आणि मातीत एक आडवी, बोटभर जाडीची मुळाची गाठ होती. ते जंगलातले एक फुलझाड होते. मोठमोठ्या झाडांच्या सावलीत, जमिनीलगत वाढणारे. वर पाने सुकून गेली तरी मूळ आत जिवंत राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाने काढते. ताईंनी जंगलातून जाता-येता त्याची गोल पाने हजार वेळा पाहिली होती, फूल मात्र एकदाही नाही. "तिकडे चालताना वाटेवरचा साप बघायचा की फुलं?" असे त्या म्हणायच्या. निघायच्या दिवशी त्यांच्या एका जुन्या पेशंट म्हातारीने आपल्या परसातून ही गाठ काढून दिली होती आणि सांगितले होते, याला फूल आले की समजायचे, जागा मानवली.

ताईंनी मागच्या भिंतीजवळ, झाडाच्या दाट सावलीत खाटेएवढी जागा निवडली. टणक जमीन पहारीने उकरायला काका मदतीला आले, शर्टाच्या बाह्या अगदी मोजून दुमडून. गाठ जेमतेम मातीखाली जाईल अशी आडवी ठेवली. वरून ताईंनी दोन्ही हातांनी वाळलेला पाला पसरला. काकांचे हात थांबले.

"हा पाला इथे कशाला?"

"तो इथेच राहणार. याला हात लावायचा नाही. आणि ते तुझं दंताळं तर इकडे अजिबात आणायचं नाही."

मित्रांनो, मी हे माझ्या कानांनी ऐकले. म्हणजे मला कान नाहीत, पण तुम्हाला कळले असेल. माझ्या बाराही दातांतून कळ गेली. अंगणातला एक तुकडा, आणि तिथे पाला तसाच पडणार! रोज माझ्या डोळ्यांदेखत!

काकांची अवस्था माझ्याहून वेगळी नव्हती. ते सकाळी बाकीचे अंगण ओढायचे आणि त्या खाटेएवढ्या तुकड्याच्या कडेला येऊन उभे राहायचे. एक पान उचलायचे. घराकडे बघायचे. पुन्हा ठेवून द्यायचे. एकदा तर त्यांनी सगळी पाने फक्त एका दिशेला वळवून ठेवली.

आणि ताईंचे काय सांगू! त्यांच्या तर पायाला भिंगरी. आयुष्यभर कुणीतरी हाक मारायचे आणि त्या धावायच्या. इथे हाक मारणारे कुणी नव्हते. सकाळी उठून त्या आवरून बसायच्या, दुपारपर्यंत घरातली सगळी औषधे तारखेप्रमाणे लावून व्हायची, आणि मग त्या अंगणात फेऱ्या घालायच्या. मागच्या खोलीतली खाट त्यांनी आधी खिडकीकडे सरकवली, मग दाराकडे, मग पुन्हा खिडकीकडे. काका म्हणायचे, "ताई, जरा बस ना." ताई म्हणायच्या, "बसतेच आहे की," आणि उठायच्या. दोघांचे एकमेकांवर प्रेम नव्हते असे नाही. पण दोघेही आपापल्या कामाच्या आडून बोलणारी माणसे. काम नसले की बोलायचे काय, हा प्रश्न दोघांनाही पडायचा.

पहिल्या वर्षी पाल्यातून एक पान वर आले. घडी घातलेला रुमाल उलगडावा तसे ते हळूहळू उघडले. गोल, हिरवेगार. ताईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी टेलरवहिनींना हाक मारून दाखवले. टेलरवहिनी म्हणाल्या, "छान आहे हो. फूल कधी?"

"येईल," ताई म्हणाल्या.

आता पुढचे सांगताना मला हसावे की रडावे कळत नाही. काकांना ताईंसाठी काहीतरी करायचे होते. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही, पण मी त्यांच्या हातातला आहे, मला हात कळतो. ताई एका दुपारी डोळे तपासायला गेल्या होत्या. काकांनी दुकानाचे शटर ओढले. मला खिळ्यावरून काढले आणि त्या बंदी असलेल्या तुकड्यावरचा सगळा पाला अलगद, पानाला धक्का न लावता ओढून घेतला. मला वाटले, संपली एकदाची बंदी! पण काका पाला टाकायला गेलेच नाहीत. त्यांनी तो लाँड्रीच्या मोठ्या टबात टाकला.

होय मित्रांनो, काकांनी पाला धुतला. एक पाणी, दुसरे पाणी, तिसरे पाणी. माती गेली, बुरशी गेली, किडेमुंग्या गेल्या. मग त्यांनी जुनी चादर पसरून त्यावर पाने वाळत घातली, मोठी पाने तर दोरीवर चिमटे लावून. इस्त्री केली नाही, एवढेच नशीब. वाळल्यावर सगळी पाने पुन्हा त्या जागेवर नेऊन, शिरा वर करून, ओळीने मांडली. ताई आल्या तेव्हा काका कडेला उभे होते, आणि लहान मुलाने चित्र काढून दाखवावे तसा त्यांचा चेहरा होता.

"बघ," ते म्हणाले. "पाला राहू दे म्हणालीस ना? राहू दिला. फक्त स्वच्छ केला."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, धुतलास? ती घाण नव्हती! ते त्याचं अंथरूण होतं आणि जेवणही तेच होतं. कुजतं, त्यात किडे होतात, बुरशी धरते, त्यावर तर ते जगतं. तुला सगळं जग लाँड्रीच वाटतं का रे?"

वारा आला तशी ती हलकी झालेली पाने उडाली आणि अंगणभर पसरली. उघडी पडलेली माती दोन दिवसांत तडकली. ते एकुलते एक गोल पान कडेने काळे पडले आणि झुकले.

ताईंनी रस्त्याकडेच्या झाडाखालून कुजका पाला पिशव्या भरभरून आणला, टेलरवहिनींच्या परसातूनही आणला आणि जागा पुन्हा झाकली. रोज बारीक छिद्रांच्या झारीने पाणी घातले. पान गेलेच, पण आतली गाठ वाचली असावी, असे त्या म्हणत होत्या. काकांनी त्या दिवसापासून अंगणच सोडले. "मला यातलं काही कळत नाही, मी हात लावत नाही," असे ते म्हणाले. रागाने नाही, पडलेल्या आवाजात म्हणाले. मला खिळ्यावर टांगले ते टांगलेच.

मित्रांनो, इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. माझा खिळा शेडच्या बाहेरच्या भिंतीला आहे, त्यामुळे मला सगळे अंगण दिसते. पाने पडत होती. एकावर एक, थरावर थर. भिंतीलगत साचली, दारापर्यंत आली. मी बघत होतो. माझ्या दातांमध्ये कोळ्याने जाळे विणले. गंज धरला. ज्या दातांना रुमालाने पुसून पाहिले होते, ते तांबडे झाले. दिवसभर वाटायचे, एक, फक्त एक ओढ द्यायला मिळावी. पाने माझ्यासमोर लोळत होती आणि मी हात बांधलेल्या माणसासारखा लटकत होतो. काका घरात नळ घासत बसायचे. ते कधी मागच्या दारात आले की त्यांची नजर माझ्यावर पडायची, आणि लगेच दुसरीकडे वळायची.

दुसऱ्या वर्षी पान पुन्हा आले. एक नव्हे, चार! ताई नाचायच्याच बाकी राहिल्या. काका दारातूनच म्हणाले, "आलं का? बरं झालं." पण फूल आले नाही. ताई रोज सकाळी कमरेवर हात ठेवून वरून बघायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हते. पाल्याला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. काका चोरून यायचे आणि तेही वरूनच बघायचे, कारण वाकले की पँटला गुडघ्यावर सुरकुती पडते. दोघांनाही वाटत होते, फूल म्हणजे दांड्यावर उंच येईल, रंगीत असेल, लांबून दिसेल. कुंपणापलीकडून टेलरवहिनी विचारायच्या, "काय हो, फुलाचा मुहूर्त निघाला का?" पहिल्यांदा ताई हसल्या. पुढे पुढे त्यांना ते टोचायला लागले.

तिसऱ्या वर्षी ताईंना जुन्या दवाखान्यातून फोन आला. शिकाऊ नर्सना शिकवायला कुणीतरी अनुभवी बाई हवी होती. राहायला खोलीही मिळणार होती. ताईंनी लगेच हो म्हटले नाही. संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर बसल्या. काका दारात उभे होते.

"तुला काय वाटतं?" ताईंनी विचारले.

"तुझं तू ठरव. तुला बरं वाटेल ते कर," काका म्हणाले.

मी खिळ्यावरून ओरडलो असतो, जर मला आवाज असता! अहो, राहा म्हणा! एवढाच तर शब्द आहे! पण काकांनी दाराच्या कडीवरची धूळ बोटाने पुसली.

ताई जराशाने म्हणाल्या, "ठीक आहे. या वर्षी फूल आलं तर मी इथेच राहीन. नाही आलं तर समजेन, त्यालाही ही जागा मानवली नाही आणि मलाही नाही. मग त्याला घेऊनच जाते परत."

मग काय सांगू, घरात तिघांचा जीव टांगणीला लागला. माझा तर आधीपासून टांगलेलाच होता. पाने यंदा भरगच्च आली, ती सगळी जागा हिरवी झाली. काका दुकानातून दहा वेळा मागे यायचे. एखाद्याच्या शर्टाला इस्त्री करता करता तसेच उठून यायचे, वरून बघायचे आणि जायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कॉलरला डाग पडला. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. ताई बोलणे कमी आणि फेऱ्या जास्त घालायला लागल्या. गोगलगायींनी पानांना भोके पाडली तेव्हा त्या दिवा घेऊन, खुर्चीवर बसून, लांब चिमट्याने एकेक गोगलगाय उचलायच्या. वाऱ्याने काही लाल हलले तरी दोघे दारातून बघायचे. ती टेलरवहिनींची उडालेली चिंधी असायची.

फूल दिसले नाही. दिवस उलटले. जुनी पाने पिवळी व्हायला लागली.

ताईंनी तिकडे दवाखान्यात येते म्हणून कळवून टाकले. निघायच्या सकाळी त्या खोलीत बॅग भरत होत्या. तिथूनच त्यांनी सांगितले, "अरे, मी कपडे भरते, तेवढ्यात तू त्याची मुळं काढून त्या डब्यात ठेवशील का? जपून काढ. माझ्याने खाली बसवत नाही."

"बरं," काका म्हणाले.

ते अंगणात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, नेहमीसारखी. पाल्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे आले. मुळे काढायची तर आधी वरचा पाला बाजूला करायला हवा, एवढेच त्यांच्या मनात असेल. त्यांनी माझ्या दातांमधले जाळे काढले आणि मला खिळ्यावरून उतरवले.

मित्रांनो, ज्या क्षणासाठी मी इतकी वर्षे तळमळलो तो क्षण आला, आणि मला तो नको होता. मला वाटले, खिळा वाकावा, दांडा मोडावा, काहीतरी व्हावे. या ओढीनंतर घर पुन्हा पहिल्यासारखे स्वच्छ होणार होते, आणि त्यात काकांशिवाय कुणी असणार नव्हते.

काकांनी पहिली ओढ दिली. पूर्वी ते जोरात, लांब ओढायचे. आज आजारी माणसाचे केस विंचरावेत तसे त्यांनी मला हलकेच फिरवले. वरची कोरडी पाने निघाली. दुसरी ओढ. खालची ओली, काळी, एकमेकांना चिकटलेली पाने सरकली. मातीचा वास आला. तिसऱ्या ओढीला माझा एक दात कशालातरी मऊ टेकला आणि काकांचा हात तिथेच थांबला. मी आधी सांगितले ना, मला त्यांचा हात कळतो. त्यांनाही मी कळत असेन.

काकांनी मला बाजूला ठेवले. ते वाकले. वाकून दिसेना, म्हणून गुडघे टेकले. तरी दिसेना, म्हणून कोपरे टेकली, आणि शेवटी ते तसेच ओल्या मातीवर पालथे झोपले, गाल जमिनीला लावून.

पानांच्या बुडाशी, पाल्याच्या खाली, मातीला टेकून एक फूल होते. अंगठ्याएवढी वाटी, वाळक्या पानासारख्याच तपकिरी रंगाची, आतून गडद लाल, आणि तिचे तोंड खाली. तिच्या आत दोन बारीक माश्या फिरत होत्या. शेजारी दुसरे होते. त्यामागे तिसरे.

"ताई!" काका ओरडले. "ताई, लवकर ये!"

ताई हातात अर्धी घडी केलेली शाल घेऊन धावत आल्या. त्यांना वाटले, काका पडले. जंगलातल्या दवाखान्यातली सवय, त्यांनी आधी काकांची मान आणि पाय बघितले.

"काय झालं? कुठे लागलं? अरे, कपडे बघ तुझे!"

"कपडे धुता येतात," काका म्हणाले. "तू खाली ये."

"माझे गुडघे..."

"मी धरतो."

त्यांनी उठून ताईंना धरले आणि हळूहळू खाली बसवले, मग आडवे केले. ती शाल ताईंच्या कुशीखाली चिखलात गेली. दोन म्हातारी माणसे अंगणात जमिनीला गाल लावून पडली. कुंपणापलीकडे टेलरवहिनींचे मशीन थांबले, पण पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

ताई बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे बघ," काकांनी मातीने भरलेले बोट पुढे केले. फुलाशेजारी एक वाळके, फुटलेले बोंड होते. "हे जुनं आहे. म्हणजे मागच्या वर्षीही आलं होतं. आपण वरूनच बघत होतो." आणि त्याच्या पलीकडे, मुंग्यांनी ओढून नेलेल्या बियांतून उगवलेली, नखाएवढी गोल पाने होती.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे मी उगीच..."

काकांनी शर्टाला हात पुसला. पांढऱ्या शर्टावर पाच बोटे उमटली. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

"ताई," ते म्हणाले, "फूल नसतं आलं तरी तू जाऊ नको, असं मला म्हणायचं होतं. तेव्हाच म्हणायचं होतं. राहा ना गं."

ताई रडता रडता हसल्या. "मग इतके दिवस तोंडात काय खळ घातली होतीस का रे?"

त्या दिवशी दवाखान्यात फोन गेला. ताईंनी शिकवायचे कबूल केले, पण महिन्यातून एकदा चार दिवस जाऊन. बाकी दिवस त्या इथेच असतात. त्यांची भिंगरी काही सुटलेली नाही. खाट अजून सरकते. काकाही बदलले म्हणावेत तर घरातले नळ अजून चकचकतात. मीही बदललो नाही. मला पुन्हा काम मिळाले आहे. दारासमोरचा आणि रस्त्यावरचा पाला आता मी ओढतो, आणि तो टाकत नाहीत, झाडाखाली नेऊन पसरतात. त्या जागेवर पान पडले की माझे दात आजही शिवशिवतात. मी स्वतःला आवरतो. आवरणे हेही एक कामच आहे, आणि ते मला ओढण्यापेक्षा जड जाते.

मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. काम झाले की माझ्यासारख्या अवजाराला पुसून, दात भिंतीकडे करून टांगत जा, गंजू देऊ नका. अंगणातला थोडा पाला तसाच राहू द्या, त्याच्या आत कुणीतरी घर केलेले असते. काही दिसत नाही म्हणून ते नाहीच असे ठरवण्याआधी एकदा खाली वाका, कपडे मळले तर मळले. आणि घरातले कुणी बॅग भरत असेल, तर तुमच्या मनात काय आहे ते त्याला आजच सांगा.